मैत्रीला जिवंत माणूस लागतो

अप्पा हरवल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी कुंभारीच्या वाटेवरच्या एका विहारात ध्यान शिकायला जाऊ लागले. धर्माची ओढ होती असे म्हणणे खोटे ठरेल. घरात श्वास पुरत नव्हता, आणि तिथे श्वासावरच मन ठेवायला शिकवतात, असे माझ्या महाविद्यालयातल्या एका सहकारी बाईंनी सांगितले होते. त्या लहानपणापासून त्या विहारात वाढलेल्या. पहिल्या सकाळी त्याच मला सोबत घेऊन गेल्या, चपला कुठे काढायच्या ते दाखवले, भंतेंना वंदन कसे करायचे ते करून दाखवले, आणि मग मला एकटीला सोडून स्वयंपाकघराकडे वळल्या.

विहार म्हणजे एक लांबट सभागृह, पत्र्याचे स्वयंपाकघर, भंतेंची खोली आणि अंगणात दोन कडुनिंब. पहाटे फरशी तळव्यांना गार लागे. ऊन चढले की तीच फरशी हळूहळू कोमट होई, आणि डोळे मिटलेले असतानाही मांडीखालच्या त्या उबेवरून मला वेळ कळे. आत उदबत्तीचा वास असे. वारा फिरला की पलीकडच्या घरकुलांतून, दारात बसून विड्या वळणाऱ्या बायकांच्या सुपांतला तंबाखू तिखट, ओलसर होऊन आत येई. बुद्धमूर्तीशेजारी निळ्या कोटातली तसबीर होती. माझ्या घराण्यातले कुणी तिच्यासमोर कधी उभे राहिलेले नव्हते. मामांना कळले तेव्हा ते म्हणाले होते, आपल्यात गळ्यातलं लिंग तळहातावर धरून ध्यान करायचं हाय की, त्यांच्यात कशाला जातीस. 'त्यांच्यात' हा शब्द उच्चारताना त्यांनी आवाज थोडा खाली आणला. तळहातावर लिंग धरले की मला अप्पांचा तळहात दिसतो आणि मग काहीच दिसेनासे होते, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

अप्पा कन्नड शाळेत शिक्षक होते. आमच्या घरात दोन भाषा एकाच ताटात वाढलेल्या असत. कोणता घास कोणत्या भाषेचा हे आम्हाला कधी कळलेच नाही. म्हातारपणी त्यांची आठवण उसवू लागली तेव्हा मात्र ते कळले. आधी मराठी गेली. शेजारी बोलले की ते नम्रपणे हसत आणि माझ्याकडे बघत, जणू मी दुभाषी. मग शाळा गेली, माणसांची नावे गेली. शेवटी उरली ती त्यांच्या आईच्या मांडीवरची कन्नड, तीही जेवणापाण्यापुरती. ऊटा म्हणजे जेवण. नीरु म्हणजे पाणी. मला ते कधी अव्वा म्हणत, म्हणजे आई, आणि माझ्या खऱ्या अव्वाकडे परक्या बाईकडे पाहावे तसे पाहत.

हरवले त्या सकाळी त्यांनी अंघोळ केली होती, कपाळाला विभूती लावली होती. अव्वा भाकऱ्या थापत होती. फाटकाची कडी तिला ऐकू आली नाही. मी परीक्षेच्या कामाला गेले होते. ते कापडी पिशवी घेऊन बाहेर पडले, स्टेशनवर गेले आणि गाडीत बसले, एवढे नंतर जुळवता आले. कुर्डुवाडीच्या फलाटावरच्या चहावाल्याने त्यांना पाहिले होते. त्याने सांगितले की म्हाताऱ्याने त्याच्याकडे काहीतरी मागितले, शब्द कळला नाही, म्हणून त्याने चहाचा पेला हातात दिला. पैसे घेतले नाहीत. पुढची गाडी आली, गर्दी झाली, आणि गर्दी ओसरल्यावर बाकड्यावर फक्त तो पेला होता. भरलेलाच. वर साय धरली होती.

त्या पेल्यापुढे आम्हाला अप्पांचा कोणताही माग लागला नाही.

अव्वाने ते ऐकले आणि तिथेच, फलाटावर, पदर तोंडाशी धरून म्हणाली, "नीरु मागितलं असनार त्यांनी."

मग आमचे रविवार कुर्डुवाडीचे झाले. छायाचित्र घेऊन आम्ही फलाट, बाजार, देवळांच्या पायऱ्या, दवाखान्यांच्या ओसऱ्या पालथ्या घातल्या. पोलिसांत तक्रार होती. मोबाईलवर त्यांचे छायाचित्र इतक्या हातांतून फिरले की ते फिकट होत गेले आणि शेवटी मलाच परत आले, खाली कुणीतरी हात जोडल्याची चित्रे लावलेली. फोन येत. मोडनिंबजवळच्या एका धाब्यावर असे आजोबा बसून असतात, असे कुणी कळवले. आम्ही धावत गेलो. तिथे बसलेला म्हातारा दुसऱ्या कुणाचा तरी अप्पा होता. अव्वाने त्याला पिशवीतली भाकरी दिली आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली. भविष्य सांगणारे जाणते लोकही बरेच भेटले. एकाने पूर्व दिशा सांगितली, एकाने मठात सुखाने जेवतात असे सांगितले. सगळ्यांना सगळे ठाऊक होते.

विहारात मात्र ठाऊक असण्याचा कुणाला सोस नव्हता. भंते पन्नाशीचे, माण-सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातले. चालताना अजूनही कळपामागून चालल्यासारखे सावकाश चालत. त्यांनी मला श्वासावर बसवले. श्वास आत येताना नाकपुडीच्या कडेला जो गार स्पर्श होतो तिथे मन ठेवायचे, सुटले की परत आणायचे. मी कविता शिकवते. एका शब्दावर तासभर थांबण्याची मला सवय आहे. तरी त्या गार कडेवर मला चार श्वास थांबता येत नसे. मन कुर्डुवाडीच्या बाकड्यावर जाऊन बसे. भंते म्हणत, मेंढरू पळालं तर त्याला मारत नाहीत, वळवून आणतात. मी वळवून आणत राहिले.

पावसाळ्यापर्यंत थोडे जमू लागले. मग त्यांनी मैत्रीभावना दिली. रोजच्या बोलण्यातली मैत्री ती ही नव्हे. एखाद्या माणसाच्या भल्याची इच्छा मनात धरून ती ओली ठेवणे, तिच्यात बसणे, अशी ती साधना. आरंभ स्वतःपासून. मी निर्भय असो, मी सुखी असो, माझे दुःख हलके होवो. मला वाटले होते, माझ्याकडून हे होणार नाही. पण झाले. एका पहाटे गळ्याच्या खळगीखाली, छातीच्या मधोमध, कोमट दुधासारखे काहीतरी पसरले आणि बराच वेळ तिथे राहिले. भंतेंना सांगितले तेव्हा ते म्हणाले, आता तुम्हाला ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर आणि माया आहे असं एक माणूस घ्या. कोण घेतलं ते मला सांगायची गरज नाही.

मी कोणाला घेणार होते?

अप्पा निर्भय असोत. अप्पा सुखी असोत. मी त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायची: भुवयांचे पांढरे राठ केस, विभूतीचे तीन पट्टे, खडूने कायमची कोरडी झालेली बोटे. चेहरा यायचा. इच्छाही यायची, घशात रुतलेल्या काट्यासारखी. पण ती ऊब येत नसे. छातीच्या मधोमध, जिथे स्वतःसाठी दूध पसरले होते, तिथे आता ओल उडालेल्या रांजणासारखी पोकळी असे. आठवडे गेले. मी स्वतःला समजावले की साधना नवी आहे, धीर धरायला हवा.

शनिवारी दुपारी धम्माचा वर्ग असे. त्या वर्गात रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक गृहस्थ येत. त्यांची पत्नी गेल्या वर्षी वारली होती. त्यांनी विचारले, मी तिच्यावर मैत्री केली तर चालेल का.

भंते म्हणाले, "नाही. तिच्यासाठी पुण्यानुमोदन करा. दान द्या, पाणी सोडा, केलेलं पुण्य तिच्या नावे करा. मैत्रीला जिवंत माणूस लागतो. गेलेल्या माणसावर मन धरत नाही. कितीही बसा, ओल येत नाही."

"ती जिवंत होती तेव्हा तरी माझं कुटं काय धरत होतं, भंते," गृहस्थ म्हणाले, आणि सभागृह हसले. भंतेही हसले.

मी हसले नाही. कुठल्यातरी यंत्रमागाचा ठोका दुरून येत होता. तो मला अचानक फार जवळ ऐकू येऊ लागला. माझ्या शेजारच्या बाईने विचारले, ताई, पाणी देऊ का. मी मान हलवली. कसली मान हलवली, होकाराची की नकाराची, ते मला आठवत नाही.

त्या दिवसापासून माझी प्रत्येक बैठक म्हणजे पंचनामा झाली. पहाटे मी बसे, स्वतःवर मैत्री करी, ऊब येई. मग अप्पांना समोर आणी. काहीच येत नसे. मी पुन्हा स्वतःकडे जाई, साधन ठीक चालते आहे ना हे तपासल्यासारखी, आणि पुन्हा त्यांच्याकडे. नाडी सापडत नाही तेव्हा माणूस मनगटावर बोट जरा सरकवतो, आणखी जरा सरकवतो, तसे मी मन सरकवत होते. त्यांचे तरुणपण घेतले. मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेणारे अप्पा घेतले. शेवटचे, मला आई म्हणणारे अप्पा घेतले. कुठेही ठोका लागला नाही. भंतेंना विचारावे असे रोज वाटे आणि रोज मी न विचारता परत येई. विचारले आणि त्यांनी 'हो' म्हटले तर? तो 'हो' घेऊन मला अशा घरी परतायचे होते, जिथे अव्वा अजून रोज एक जादा भाकरी थापत होती, आणि कपाळाला कुंकू लावताना आरशात क्षणभर जास्त थांबत होती.

मी कुर्डुवाडीला जाणे टाळू लागले. आधी डोके दुखते म्हटले, मग महाविद्यालयाचे काम सांगितले. अव्वा एकटी जाऊन आली. संध्याकाळी परतली तेव्हा तिच्या पदराला फलाटाचा वास होता, लोखंडाचा, तळणाचा. जेवताना फक्त म्हणाली की चहावाल्याने तुझी चौकशी केली.

दिवाळीच्या सुटीत मी विहारातच राहिले. तिथे राहणाऱ्या उपासिका पांढरे नेसतात म्हणून मीही पांढऱ्या साड्या घेतल्या. अव्वाने त्या दोरीवर वाळताना पाहिल्या आणि त्यांतली एक बोटांनी चाचपत म्हणाली, "हे कुणाच्या नावानं?" मी तिथली रीत सांगितली. तिने ऐकून घेतले आणि साडी उलटी करून वाळत घातली, जणू तिचा रंग दुसऱ्या बाजूला असावा.

सुटी संपून घरी आले. पहाटे माझ्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून, मांडी घालून, डावा तळहात वर ठेवून बसले होते. अव्वा चहा घेऊन आली असावी. मला कळले ते तिने खांदा गदागदा हलवला तेव्हा. चहा फरशीवर सांडला होता.

"अशी बसू नकोस. झोप, फिर, काय बी कर, पर माझ्यासमोर अशी बसू नकोस."

आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. त्याला अंघोळ घालतात, विभूती लावतात, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, आणि तसाच बसलेला मातीत ठेवतात. डाव्या तळहातावर त्याचे लिंग. डोळे मिटलेले. मी लहानपणी आजोबांना तसे पाहिले होते. ते ध्यानच करत आहेत असे मला वाटले होते. इतके महिने मी विहारात रोज त्याच आसनात बसत होते, आणि ते माझ्या ध्यानात आले नव्हते. आता एकदा आल्यावर ते जाईना. डोळे मिटले की मला अप्पा दिसत, पण बसलेले नाही. कुठल्यातरी रुळाकडेला, कुठल्यातरी दवाखान्यातल्या शीतपेटीत, आडवे. त्यांना बसवणारे कुणी नव्हते. गळ्यातले लिंग कुणी तळहातावर ठेवले नव्हते. ही गोष्ट मला मरणापेक्षाही असह्य वाटे, आणि ती कुणाला सांगता येत नव्हती.

अव्वा एके दिवशी आपणहून म्हणाली, मला तुझ्या भंतेंना जेवण न्यायचं हाय. त्यांना मध्यान्हीच्या आत जेवावे लागते हे मी तिला कधीतरी सांगितले होते. तिने ते लक्षात ठेवले होते. पहाटे उठून तिने कडक भाकऱ्या केल्या, भरली वांगी केली, शेंगदाण्याची चटणी उखळात कुटली. कुटलेल्या चटणीचा तेलकट, लसणाचा वास रिक्षात आमच्या दोघींच्या मध्ये बसून होता. रिक्षावाला म्हणाला, मावशी, वासानंच माझं पोट भरलं. अव्वाने डबा उघडून एक भाकरी चटणी लावून त्याला दिली आणि म्हणाली, वासानं कुणाचं पोट भरत न्हाय बाबा.

भंते जेवले. सांगोल्याकडची चटणी एवढं तेल सोडत नाही, असे कौतुकाने म्हणाले. अव्वा दाराजवळ बसली होती, मी तिच्यामागे. जेवण झाल्यावर तिने पदर सारखा केला.

"एक विचारू का, भंतेजी? आमचं माणूस हाय का न्हाय, तेवढं सांगा."

कडुनिंबावरून कसलेतरी पाखरू उडाले.

"मला ठाऊक नाही, आई."

"ध्यानात बी दिसत न्हाय?"

"नाही. ध्यानात मला बहुतेक वेळा माझे गुडघे दिसतात. दुखतात म्हणून."

अव्वा हसली. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना पाहिले नव्हते. "बरं झालं," ती म्हणाली. "बाकी समद्यांना ठाऊक होतं." मग मान माझ्याकडे न वळवता तिने हात माझ्या दिशेने केला. "हिला बी कायतरी ठाऊक झालंय. शोधायचं सोडलंय हिनं. हितं येऊन बसती आन् घरी येऊन माझी नजर चुकवती. काय कळलंय हिला, तेवढं विचारा."

मग मला सांगावे लागले. मी वर्गातल्या त्या दुपारपासून सांगितले, मान खाली घालून, फरशीच्या एका तड्याकडे बघत. स्वतःवर ऊब येते. अप्पांवर येत नाही. कधीच आली नाही. आणि मैत्रीला जिवंत माणूस लागतो. वाक्य पुरे करायची गरज उरली नाही. माझ्या शेजारी अव्वाच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

भंतेंनी पाण्याचे भांडे उचलले आणि न पिता खाली ठेवले. मग ते जे बोलले त्यात गुरूचा आवाज नव्हता, एका घाबरलेल्या माणसाचा होता. म्हणाले, मला शिकवलं तसं मी तुम्हाला शिकवलं, ताई. पण त्यावरून कुणी आहे की नाही हे ठरवायचं असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मी स्वतः कधी पारखून पाहिलेलं नाही. तुम्ही हे मला आधी विचारायला हवं होतं. आणि तुम्ही कुणाला घेतलंत ते मी विचारायला हवं होतं. आता काही दिवस तुम्ही अप्पांना घेऊ नका. जे समोर आहे, हाताला लागतं, अशा माणसापासून धरा.

ते माझे सांत्वन करत आहेत असे मला वाटले. नियम नियम असतो. दयाळू माणूस तो जरा वाकवून दाखवतो, इतकेच.

परतताना अव्वा रिकामा डबा मांडीवर धरून रस्त्याकडे बघत होती. घराचे कुलूप काढताना तिची पाठ माझ्याकडे होती.

"मनातल्या मनात बसवलंस व्हय त्यांना?" ती म्हणाली. "मला न सांगता?"

तिने दिवा लावला, भाकऱ्या केल्या, जादाची एक भाकरी केली आणि ती माझ्यासमोर फडक्यात गुंडाळून ठेवली.

पुढचे दिवस आम्ही दोघी एकाच घरात, एकमेकींना चुकवून वावरलो. मी बसणे सोडून दिले. ऊब नको होती, श्वासही नको होता. वर्गात कविता शिकवताना एखाद्या ओळीत 'वाट' असा शब्द आला की मी पान उलटत असे. सकाळी जाग आली की पहिल्या क्षणी काही आठवत नसे, आणि तो क्षण संपू नये म्हणून मी डोळे मिटून पडून राही; पण गल्लीतले दूधवाल्याचे भांडे वाजे आणि ते सगळे परत येऊन छातीवर बसे. या वाटेने माणूस कुठे पोचतो ते मला दिसू लागले होते. मला त्याची भीतीही वाटेनाशी झाली होती.

अशाच एका दुपारी अव्वा स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली होती. मी पाणी प्यायला गेले. तिने सूप बाजूला सारले आणि समोरची जागा हाताने झाडली.

"बस."

मी बसले.

"तशी न्हाय. तिकडं बसतीस तशी. मांडी घाल." आणि मी तिच्याकडे बघत राहिले तेव्हा म्हणाली, "जिवंत माणूस लागतंय म्हणाले न्हवं तुमचे भंते? माझ्यावर कर. मी हाय की."

जिने मला त्या आसनात पाहून चहा सांडला होता, तीच मला त्या आसनात बसवत होती. मी मांडी घातली. भिंत पाठीला लागली. डोळे मिटले.

अव्वा निर्भय असो. अव्वा सुखी असो. शेंगा फुटण्याचा आवाज येत होता, कटकन एक, मग दाणा सुपात पडण्याचा. टरफलांचा धुळकट वास येत होता, आणि तिचा स्वतःचा, खोबरेल आणि विभूतीचा. ती हातभर अंतरावर होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता, उजव्या बाजूने किंचित शिट्टी वाजणारा. तिचे दुःख हलके होवो. मी थांबले. मन सरकवले, पुन्हा सरकवले. माझ्या तापात रात्रंदिवस उशाशी बसलेली अव्वा घेतली. फलाटावर एकटी उभी असलेली अव्वा घेतली. छातीच्या मधोमध पोकळ रांजण होता. ओलीचा थेंब नव्हता.

मला आधी लाज वाटली. मग त्या लाजेच्या खालून दुसरेच काही वर येऊ लागले आणि मला त्याचे नाव सापडेना. माझे डोळे उघडले.

"झालं?" अव्वाने विचारले.

"काही येत नाही, अव्वा."

"काय येत न्हाय?"

"काहीच नाही. तुझ्यावर पण नाही."

तिने हातातली शेंग फोडली. आत दाणा नव्हता. तिने टरफल बाजूला टाकले. दुसरी उचलली. ती तशीच बोटांत राहिली.

"एवढी बाई हितं समोर बसलीया," ती हळूहळू म्हणाली, "खातीया, श्वास घेतीया, आन् हिला काय येईना." तिची नजर माझ्या चेहऱ्यावर आली. "मग ते बी असतील की कुटंतरी."

मी रडले. तिच्या मांडीवर, टरफलांत, तोंड खुपसून रडले. ती माझ्या केसांतून टरफलांचे तुकडे वेचत राहिली. हे सुख होते असे मी म्हणणार नाही. जो दरवाजा मी एकटीने, इतक्या कष्टाने बंद केला होता, तो तिने बोटाने ढकलून उघडला होता, आणि त्यातून पुन्हा तोच वारा आत येत होता: फलाट, फोन, दुसऱ्यांचे अप्पा, भूक लागली असेल का, अंगावर काही असेल का. मी मेलेल्या माणसाचे दुःख कसेबसे पेलत आणले होते. आता ते खाली ठेवून मला पुन्हा वाट पाहायला लागायचे होते, आणि वाट पाहण्याला मरणासारखा शेवट नसतो. तरीही मी मान वर केली तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाले, रविवारी किती वाजताची गाडी.

मी अजून विहारात जाते. श्वासावर बसते. भंतेंनी मैत्री परत सुरू करायला सांगितलेले नाही, मीही विचारलेले नाही. कधी पहाटे नाकपुडीच्या कडेला तो गार स्पर्श सापडतो, कधी सापडत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सभागृहात सगळे आपापल्या गेलेल्या माणसांची नावे घेतात आणि पाण्याची धार ताटलीत पडून काठावरून वाहते. तेव्हा मी बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभी राहते. भंते मला पाहतात आणि आत बोलावत नाहीत.

परवाच्या रविवारी आम्ही कुर्डुवाडीला होतो. फलाटावर उन्हाने डांबर मऊ झाले होते, अव्वाच्या चपला चिकटत होत्या. चहावाला आता आम्हाला ओळखतो. तो आधी पाणी देतो, मग चहा. अव्वाने पेला घेतला आणि त्याला म्हणाली की एक शब्द ध्यानात ठेव बाबा. कुणी म्हातारा आला, तू काय बोलतोस ते त्याला कळंना, आन् तो 'नीरु' म्हणाला, तर चहा देऊ नको.

"निरू?" तो म्हणाला.

"नीरु." अव्वाने शब्द लांबवला, ओठ पुढे काढून, लहान मुलाला शिकवतात तसा. "पाणी मागतोय तो."

तो मनाशी दोनदा पुटपुटला. गाडी येत असल्याची घोषणा झाली आणि त्याने किटली उचलली. जाता जाता त्याने पलीकडच्या बाकड्यावरच्या वडेवाल्याला हाक मारली आणि तो शब्द सांगितला. थोडा चुकीचाच. अव्वा उठली आणि चपला सोडवत, दुरुस्त करायला त्याच्या मागे गेली.